इवाईंचा तंबू

तंबू चालायला लागला तेव्हा मी कांदा चिरत होते.

वाऱ्याने हलला असं म्हणत नाही. चालायला लागला. आधी बाहेर पत्र्यावर दोन थापा पडल्या, मग गाडीच्या इंजिनाचा आवाज झाला, आणि मी बसले होते ती चटई माझ्यासकट सरकू लागली. तंबूला तळ शिवलेला होता. त्यामुळे बाहेर पडायची सोय नव्हती. पोत्यातल्या दाण्यांसारख्या आम्ही आतल्या आत घरंगळत होतो. छत खाली आलं. निळ्या कापडाशिवाय काही दिसेना. हातातला चाकू मी लांब फेकला आणि झोपलेल्या नातीवर आडवी पडले. पलीकडे अक्का होती. तिचा हात सापडेना, म्हणून पाय धरला.

अक्का दोन महिन्यांपूर्वीच हृदयाच्या दुखण्यातून उठलेली. मनात आलं, ही काही आता राहत नाही. अक्का फक्त "माय वो" म्हणाली.

या सगळ्याला माझे इवाई कारण. इवाई म्हणजे माझ्या सुनेचे वडील. अक्का त्यांची बायको.

इवाई जन्मभर लाल गाडीवर कंडक्टर होते. अकोला, दर्यापूर, अमरावती, याच रस्त्यावर त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाले, पण गाडीतून उतरले नाहीत. दर्यापूरला स्वतःच्या घरात उभे राहिले तरी पाय फाकवून आणि एक हात दाराच्या चौकटीला धरून. घर आत्ता वळण घेणार असल्यासारखे. कोणाच्या घरी गेले की आधी कोण कुठे बसलंय ते पाहणार आणि त्यांना उठवून दुसरीकडे बसवणार. "तुमाले वकार येते काय? मंग खिडकीपाशी बसा." घरात कसली ओकारी येणार? पण लोक उठून बसत. त्यांच्या आवाजात तसं काहीतरी होतं.

एकदा त्यांच्या चुलतभावाच्या मयतीला मी गेले होते. प्रेत अंगणात ठेवलेलं, बायका रडताहेत, दारात गर्दी. इवाई मधे उभे राहून म्हणाले, "पुढं सरका, पुढं सरका, मागं लोकं लटकून राहिले." आणि सगळे पुढे सरकले. प्रेताच्या इतके जवळ आले की रडणाऱ्या बायकांना हात हलवायला जागा उरली नाही. कोणी हसलं नाही. मी पदरात तोंड घातलं. लोकांना वाटलं, मी रडते.

बसमध्ये घंटी असते. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. इवाईंना दोरी ओढण्यापेक्षा पत्र्यावर थाप मारणं आवडे. त्यांचा तळहात त्यामुळे फळीसारखा झाला होता. सवय अशी की कोणतीही गाडी निघताना दिसली की हात आपोआप जाई. भाजीवाल्याची, दुधवाल्याची, कोणाचीही.

माझ्या मुलाचं लग्न झालं तेव्हाची गोष्ट. मुलीच्या पाठवणीची वेळ. सजवलेल्या गाडीत माझा मुलगा बसला, सून एक पाय आत टाकून आईच्या गळ्यात पडली. अक्का रडते, मुलगी रडते, सगळा मांडव रडतोय. इवाईंनी खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले, आणि दुसरा हात गाडीच्या पत्र्यावर पडला. दोन थापा. ड्रायव्हरने गाडी काढली. सून अर्धी आत अर्धी बाहेर, तिला मुलाने ओढून घेतली. एक चप्पल दर्यापुरातच राहिली. दुसऱ्या दिवशी इवाई ती चप्पल पिशवीत घालून अकोल्याला आले.

मी म्हटलं, "इवाई, पोरीले वाटे लावाची एवढी घाई होती?"

ते म्हणाले, "घाई नाई हो, इहीनबाई. सारे बसले असं वाटलं."

त्यांच्या गाडीवर बरीच वर्षं एकच ड्रायव्हर होता. त्याला सगळे उस्ताद म्हणत. तो इवाईंना मास्टर म्हणे. निवृत्त झाल्यावर उस्तादने जुनी काळीपिवळी जीप घेतली आणि अमरावतीच्या रस्त्यावर सवाऱ्या नेऊ लागला. त्याचंही तेच. स्वतःची गाडी, स्वतःच मालक, तरी पत्र्यावर दोन थापा पडल्याशिवाय निघत नसे. मी एकदा दर्यापूरच्या स्टँडवर त्याच्या गाडीत बसले. माणसं कोंबून भरली होती, तरी हा आपला गिअरवर हात ठेवून समोर बघतोय.

मी म्हटलं, "चाला ना बाप्पा, कायची वाट पाहून राहिले?"

"बेल नाई झाली ना, मांजी."

मग मीच हात बाहेर काढून थापा मारल्या. गाडी निघाली. या दोघांचं असं होतं. एकाचा हात आणि दुसऱ्याचा पाय एकाच अंगाचे असावेत तसं.

तंबूचं अक्काने काढलं. दवाखान्यातून आली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, चढायचं नाही, धावपळ नाही. गुडघे तर आधीच गेलेले. एके दिवशी जेवताना ती इवाईंना म्हणाली, "तुमचा जलम लोकायले फिरवन्यात गेला. मले एक डाव वावरात निजाचं हाय. लहानपनी बापासंगं निजत होती तसं."

अक्का कधी काही मागणारी बाई नाही. बाळंतपण आणि मयत सोडून ती कधी घराबाहेर रात्र राहिली नव्हती. इवाईंनी हातातला घास ताटात ठेवला, असं सून सांगते.

मी फोनवर म्हटलं, "चिखलदऱ्याले खोली घ्या एखादी. पलंग राहते, गरम पानी राहते."

इवाई म्हणाले, "खोलीत तं अक्का रोजच निजते, इहीनबाई."

माझ्या मुलाला पटत नव्हतं. तो म्हणाला, "बाबा, तिकडं त्यायले काही झालं तं?"

इवाई म्हणाले, "अन् घरी काही होनार नाई, हे लिहून देता काय तुमी?" हे कोण लिहून देणार?

तेव्हा ठरलं की तंबू घ्यायचा. मोठा. अक्काला न वाकता आत शिरता आलं पाहिजे, उभं राहून लुगडं नेसता आलं पाहिजे, आणि सगळे तिच्या बाजूला झोपले पाहिजेत. तिला काही झालं तर हाताशी माणूस पाहिजे. एवढं साधं काम. दुसरा कोणी असता तर दुकानात जाऊन घेऊन आला असता. पण इवाई कोणतीही वस्तू माणसं बसवून पाहिल्याशिवाय घेत नसत. त्यांनी मला अकोल्याहून बोलावून घेतलं. तंबू घ्यायला नव्हे, मापाला.

मी गेले तर अंगणात चुन्याच्या फक्कीने मोठमोठे चौकोन आखलेले. सून नवरा-मुलीसकट आधीच माहेरी आलेली, ती मोबाइलमध्ये पाहून तंबूंची मापं सांगत होती, इवाई वाकून चुन्याची रेघ ओढत होते. मग म्हणाले, "चाला, बसा गाडीत." म्हणजे चौकोनात. अक्काची गादी मधोमध. तिच्या उजवीकडे मी, डावीकडे सून, पायाशी मुलगा, माझ्या कुशीत नात. कोपऱ्यात पाण्याचा ड्रम, गॅसची शेगडी आणि अक्काची संडासाची खुर्ची.

"इहीनबाई, आडव्या व्हा."

"भर दुपारी तुमच्या अंगणात आडवी होऊ? लोकं म्हनतीन म्हातारी गेली."

"लोकायचं काय. पाय लांब करा. अजून. तुमी झोपेत लाथा मारता, मले अक्कानं सांगितलं."

आम्ही पाचही जण पांढऱ्या चौकोनात ओळीने पडलो. इवाई चुन्याचं टोपलं घेऊन भोवती फिरत होते, बोटाने मोजत होते, या रेघेवरून त्या रेघेवर जा म्हणत होते. एका चौकोनातून उठायचं, दुसऱ्यात पडायचं. शेजारीण तारेवर कपडे वाळत घालायला आली. तिने भिंतीवरून पाहिलं आणि अशी किंचाळली की तिचा नवरा धावत आला. तिला वाटलं, घरच्यांनी काही पिऊन जीव दिला. अक्का पडल्या पडल्या म्हणाली, "नाई वो, तंबू घेऊन राहिलो." शेजारणीला त्यातून काहीच उलगडलं नाही.

मग अमरावतीचं दुकान. आम्ही सगळे उस्तादच्या गाडीतून गेलो. इवाईंनी सोबत घरची पितळेची घागर घेतली होती. मी विचारलं नाही. विचारून उपयोग नसे.

दुकानात तंबू उभाच करून ठेवला होता. निळा. विकणारा पोरगा गोड बोलणारा. "काका, ये आठ लोगों का है. आरामसे आठ सोते हैं."

"कोन्ते आठ?"

"कोई भी आठ, काका."

"मंग आना आठ."

त्यांनी दुकानातली माणसं आत झोपवली. गल्ल्यावरचा मालक सोडून सगळी. बूट घ्यायला आलेला एक जाडा माणूसही आत झोपवला. तो म्हणे मी फक्त चौकशीला आलो होतो. इवाई म्हणाले, "झोपून चौकशी करा." सहा झाले आणि सातव्याचे पाय दारातून बाहेर आले. इवाईंनी त्या पायांकडे बोट दाखवलं, "हा आठवा कुठी बसवता? टपावर?"

मग घागर. बाई डोक्यावर भरली घागर घेऊन दारातून शिरली पाहिजे आणि पाणी सांडलं नाही पाहिजे, म्हणजे उंची बरोबर, असा त्यांचा हिशोब. अक्काच्या डोक्यावर घागर द्यायची सोय नव्हती, म्हणून विकणाऱ्या पोराच्या डोक्यावर दिली. रिकामी दिली, एवढी दया केली. पहिल्या तंबूत घागर अडली. दुसऱ्यात अडली. तिसरा सगळ्यांत मोठा, तोही निळा. पोरगा घागर धरून नवरीसारखा ताठ आत गेला, ताठ बाहेर आला. उस्ताद दारात उभा राहून म्हणाला, "मुबारक हो. लडकी अंदर आ गई."

तो तंबू घेतला. अक्का आत जाऊन उभी राहिली, पदर सारखा केला, वर पाहिलं. गाडीत बसल्यावर घरापर्यंत तिने त्या पिशवीवरचा हात काढला नाही.

आता एक गोष्ट तेव्हा कोणाच्या ध्यानात आली नाही. माझ्या नाही, मुलाच्या नाही. अंगणात किती चौकोन आखले, दुकानात किती तंबूंत शिरलो, सगळीकडे आम्ही पाच झोपलो. इवाई बाहेर उभे होते. कंडक्टर गाडीतली माणसं मोजतो, स्वतःला मोजत नाही. त्याला सीट नसते.

इवाईंच्या मनात सेमाडोह होतं. जंगलात, झाडाखाली. पण तिथे कोणालाही आपला तंबू हवा तिथे ठोकू देत नाहीत. उस्ताद म्हणाला, "बरंच हाय, मास्टर. शेर तिकट नहीं निकालता." मग परतवाड्याच्या पुढे, घाट लागायच्या आधी, उस्तादच्या ओळखीच्या माणसाचं वावर मिळालं. हरभरा निघून गेलेला, मोकळं रान, एका कडेला विहीर, समोर डोंगर. होळी यायची होती.

तंबूसोबत आलेल्या खुंट्या पाहून मला हसू आलं. स्वेटर विणायच्या सुया बऱ्या. काळ्या मातीत उन्हाने भेगा पडलेल्या. खुंटी घातली की सुळकन आत आणि ओढली की सुळकन बाहेर. मी म्हटलं, बाभळीच्या चांगल्या हातभर खुंट्या करून ठोका. इवाई म्हणाले, "उस्तादची गाडी हाय ना. गाडी काय उडून जाते?" जीपच्या मागे टपावर चढायची लोखंडी शिडी होती. दाराकडच्या दोन दोऱ्या त्यांनी शिडीला आवळून बांधल्या. बाकी खुंट्यांवर सोडलं. दारात दोन लोखंडी दांडे उभे होते, त्यांच्यावर पुढचं छत.

सामान लागलं, गाद्या पडल्या. अंगणात आखलं होतं तसंच सगळं बसलं. नात दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "आबा, तुमी कुठी झोपसान?"

इवाईंनी आत पाहिलं. मग बोटाने मोजलं. मग हसले.

मी म्हटलं, "साऱ्या दर्यापूरले झोपवून पाह्यलं, अन् सोता राह्यले."

"माह्यं काय, इहीनबाई. मी उभ्यानं जातो."

वावरवाल्याच्या झोपडीतून एक बाज आणली आणि जीपच्या बाजूला टाकली. उस्ताद तर गाडीतच झोपणार होता.

जेवणं झाली. अक्का तंबूत गादीवर पडली. दाराचं कापड वर बांधलं होतं, त्यातून डोंगर दिसत होता. तिला डुलकी लागली. चांगली घोरली. उठली तेव्हा इवाई दारात दांडा धरून उभे.

"लागली काय झोप?"

"लागली."

"मंग झालं," इवाई म्हणाले. आणि बाजेवर जाऊन बसले.

चार वाजायच्या सुमारास मुलगा आणि सून विहिरीवर पाणी आणायला गेले. नात झोपलेली. मी रात्रीच्या भाजीला कांदा घेतला. वारा अगदीच पडला होता. मग डोंगराकडून काळं आलं आणि त्याच्यापुढे धूळ आली. पहिल्या झटक्यात मागच्या खुंट्या दुधाच्या दातांसारख्या निघाल्या. तंबू पोट फुगवून उभा राहिला. आता तो नुसता जीपच्या शिडीला धरून होता.

पुढचं मला आतून माहीत आहे आणि बाकीचं उस्तादने सांगितलं. उस्ताद पुढच्या सीटवर आडवा झाला होता. इवाई बाजेवरून उठून धावले. त्यांना उस्तादला उठवायचं होतं, दोघांनी मिळून तंबू धरायचा होता. दुसरं काय असणार? हाक मारली असती तर वाऱ्यात ऐकू गेली नसती. त्यांनी पत्र्यावर हात मारला. त्यांच्या हाताला एकच गोष्ट येत होती. दोनदा मारला.

"मांजी, मी झोपेतच होतो," उस्ताद म्हणाला. "बेल आली. चाबी, क्लच, गिअर. डोये उघडायच्या आधी गाडी चालली होती."

आम्ही चाललो. ढेकळांवरून, हरभऱ्याच्या खुंटांवरून. ड्रम फुटला आणि सगळं ओलं झालं. अक्काची खुर्ची माझ्या पाठीवर आदळली. मग बाहेर पत्र्यावर एक आवाज झाला. एकच. ब्रेक लागला आणि आम्ही थांबलो.

कापडाखाली चाचपडत मला चाकू सापडला. एवढा निवडून आणलेला तंबू मी कांद्याच्या चाकूने फाडला. आधी नात बाहेर काढली. मग अक्काला ओढली. वरून गारा पडायला लागल्या होत्या. अक्का बसली, दोन्ही हातांनी छाती धरली, आणि श्वास घेऊ लागली. घेत राहिली. मुलगा विहिरीकडून धावत आला तो थेट तिच्याकडे. आम्ही सगळे तिच्याकडेच पाहत होतो.

इवाई गाडीच्या मागे पडले होते. शिडीची गाठ सोडायला ते मधे शिरले असावेत. वाऱ्याने तंबू उलटा ओढला, गाडीने पुढे ओढला, आणि दारातला एक दांडा उपसून दोरीसकट त्यांच्या डोक्यावर आणि तिथून पत्र्यावर आला. उस्तादने एक थाप ऐकली म्हणून ब्रेक मारला. ती थाप हाताची नव्हती.

दर्यापूरला लोक म्हणतात, मास्टरने बायकोसाठी जीव दिला. मी तसं म्हणत नाही. त्यांना कुठे माहीत होतं जीव द्यायचाय म्हणून? ते गाडी थांबवायला गेले होते. अक्काही तसं म्हणत नाही.

मुलाने त्याच चाकूने शिडीच्या दोऱ्या कापल्या आणि त्यांना गाडीत मागच्या सीटवर आडवं घातलं. अक्काला चढायची मनाई होती, ती कोणाचा हात न धरता चढली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी आणि नात त्यांच्यासमोरच्या बाकावर बसलो, मुलगा आणि सून पुढे. उस्ताद गाडीवर बसला, इंजिन सुरू केलं, गिअरवर हात ठेवला आणि समोर पाहत राहिला. गाडी निघेना.

मुलगा ओरडला, "चाचा, चाला ना!" सून रडत होती. उस्तादचा हात पुढे जात नव्हता. काचेवर गारा वाजत होत्या.

अक्काने एक हात इवाईंच्या कपाळावर ठेवला. दुसरा खिडकीतून बाहेर काढला आणि पत्र्यावर दोनदा मारला.

गाडी निघाली.

परतवाड्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत इवाई गेले होते. तंबूत आम्ही तिघी होतो. मी, नात आणि अक्का. तिघीही अजून आहोत.